दऱ्यांचा दर्या

जव्हार ते मोखाडा या रस्त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पावसाळ्यात जाणाऱ्या विजेबद्दल नाही, उन्हाळ्यात आटणाऱ्या विहिरींबद्दल नाही, रेंज शोधत माळावर हात उंचावून उभ्या राहणाऱ्या लोकांबद्दलही नाही. त्या मोठ्या तक्रारी आहेत. त्या ऐकून घ्यायला मोठी माणसं आहेत आणि ती दर पाच वर्षांनी येऊन ऐकून घेतातही. माझी तक्रार किरकोळ आहे. मी स्वतः लिहिलेलं मला वाचता येत नाही. डोळ्यांचा दोष नाही; मोतीबिंदू मागेच काढला.

नोकरीत असताना, सन २००३ मध्ये, मी मोखाड्याच्या बोहाड्यावर चाळीसेक पानांचं टिपण लिहिलं होतं. जगदंबेच्या या उत्सवात रात्रभर कोणकोणती सोंगं निघतात, गणपतीनंतर कोण येतं, त्राटिका केव्हा, रावण केव्हा, कोणता मुखवटा कोणत्या घराकडे असतो, संबळाचा ठेका कुठे बदलतो, वगैरे. जव्हारच्या एका दुकानात ते टाइप करून घेतलं. फ्लॉपीतून सीडीत आणि सीडीतून पेन ड्राइव्हमध्ये अशा त्याच्या यथावकाश बदल्या झाल्या. मध्यंतरी एका उत्साही संशोधकानं ते मागितलं, म्हणून फाइल उघडली. पहिला शब्द 'जव्हार' असायला हवा होता. त्या जागी इंग्रजीतला टी, मोठा ओ, जी, के आणि जे अशी पाच अक्षरं होती. 'मोखाडा'च्या जागी ई, के, एस, एक चौकोनी कंस, पाठोपाठ दोन के, मोठा एम आणि पुन्हा के. पुढे कुठेतरी 'भारत' लिहिलं होतं, तेही शोधून पाहिलं. मोठा एच, के, के, जे, आर. देशाचीच ही गत असेल तर तालुक्यानं काय बोलावं!

दुकानात गेलो. दुकानाचं आता सेवा केंद्र झालं आहे आणि जुन्या मालकाचा पुतण्या तिथे बसतो.

"गुरुजी, फाइल एकदम चांगली आहे," त्यानं निदान केलं. "फॉन्ट नाही फक्त."

"मग टाक की फॉन्ट."

"तसा नाही पडत. त्या सॉफ्टवेअरला डाँगल लागतो. डाँगल काकांकडे होता."

"आणि काका?"

"काका वाड्याला असतात. पण डाँगल कुठे आहे ते काकांनाही माहीत नाही."

नव्या पिढीसाठी सांगतो. डाँगल म्हणजे बोटभर लांबीचा प्लॅस्टिकचा ठोकळा. तो संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या खोबणीत खोचला की मराठी उमटायचं, काढला की थांबायचं. मराठी टाइप करण्याची मुभा त्या काळी अशी हातात धरता येत असे. आमच्या दुकानात ती सुतळीनं टेबलाच्या पायाला बांधलेली होती, कारण हरवली तर नवी घ्यावी लागे आणि नवीची किंमत ऐकून काका थोडा वेळ बाहेर जाऊन बसत. फॉन्टवाल्या कंपनीचं नाव मी घेत नाही. फोन केला तर तिकडून अतिशय सभ्यपणे बोलले आणि माझ्या डाँगलचा नंबर विचारला.

आता ही इंग्रजी अक्षरं आली कुठून? जुन्या संगणकाला अक्षरांसाठी २५६ जागा ठाऊक होत्या आणि छपाईच्या सॉफ्टवेअरला इंग्रजीपलीकडे काही कळत नव्हतं. तेव्हा फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. इंग्रजीच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवले. 'के'च्या जागी काना, मोठ्या 'एच'च्या जागी अर्धा भ, 'जे'च्या जागी र. संगणक मनापासून इंग्रजीच लिहीत असतो; पाहणाऱ्याला मराठी दिसतं. वेलांटी तर अक्षराच्या आधी ठेवायची, कारण टाइपरायटरवर ती आधी मारत. युक्ती चांगली होती. गैरसोय एवढीच, की कोणता तुकडा कोणत्या जागी हा तक्ता प्रत्येक कंपनीनं आपापला बनवला, आणि ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला कागदावरचं सगळं एच-के-के.

सरकार झोपलं होतं असं म्हणवत नाही. इन्स्क्रिप्ट कीबोर्डची मांडणी १९८६ मध्येच ठरली होती. १९९१ मध्ये इस्की नावाचं मानक, आयएस १३१९४, रीतसर प्रसिद्ध झालं. पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था या कामात होती. जगभर चालणाऱ्या युनिकोडनं देवनागरीचा तक्ता घेतला तो याच इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरून. म्हणजे सर्वांसाठी खुला, छापील तक्ता देशात उपलब्ध होता. आम्ही मात्र टिपण टाइप केलं ते सुतळीनं बांधलेल्या तक्त्यात.

पुतण्या हुशार आहे. त्यानं इंटरनेटवरून एक कन्व्हर्टर काढला. इकडे जुना मजकूर टाकायचा, तिकडे युनिकोड मराठी बाहेर येतं. कुणीतरी सद्गृहस्थानं त्या फॉन्टकडे टक लावून पाहून, कोणत्या जागी कोणता तुकडा आहे ते ओळखून, वेलांट्या मागच्या पुढे करून आणि रफार उचलून योग्य डोक्यावर ठेवून हे यंत्र बनवलं असणार. बहुतेक मजकूर सुखरूप आला. फक्त ऱ्य त्याला पेलला नाही. माझं वाक्य होतं, 'हा उत्सव दऱ्याखोऱ्यांतल्या पाड्यांना एकत्र आणतो.' ते झालं 'दर्याखोर्यांतल्या पाड्यांना'. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. जव्हारच्या मुकणे राजांच्या पदरी नसलेला दर्या एका बटणासरशी संस्थानात दाखल झाला. पुढे सोंगं नाचवून दमलेल्या लोकांना 'कोर्या चहा'ची सोय केली आहे.

हे दुरुस्त करायचं तर मूळ तक्ता हवा. तो काढून घेणं कायद्यात बसतं का, असा प्रश्न मला पडला. पुतण्याला पडला नव्हता. निवृत्त माणसाला असले प्रश्न पडतात, म्हणून कायदा आणून वाचला.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात संगणकाचा प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो, आणि तक्तेही त्याच वाक्यात साहित्यकृतीत बसवलेले आहेत. त्यामुळे काकांच्या दुकानातलं ते सॉफ्टवेअर आणि माझं बोहाड्याचं टिपण कायद्याच्या एकाच फळीवर बसतात. माझ्या टिपणावर माझा हक्क मी जिवंत असेपर्यंत आणि त्यानंतर साठ वर्षं आहे. नातवाचे केस पांढरे होईपर्यंत कुणी ते माझ्या परवानगीशिवाय छापू शकणार नाही. नीट वाचता येत नसल्यामुळे सध्या छापण्याचा धोका कमी आहे.

पुढे कलम ५२ येतं. कोणत्या गोष्टींनी हक्कभंग होत नाही, याची ती लांबलचक यादी आहे. १९९९ च्या दुरुस्तीनं त्यात एक पोटकलम घातलं, आणि मी ते वाचून खुर्चीत सरळ बसलो. स्वतंत्रपणे बनवलेला एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून चालवायचा असेल, आणि त्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती मिळवण्यासाठी आवश्यक ते करायला हरकत नाही. त्याच्या शेजारचं पोटकलम सांगतं, की प्रोग्राम कसा चालतो ते पाहणं, अभ्यासणं, तपासणं, त्यामागची कल्पना समजून घेणं, यालाही मोकळीक आहे. म्हणजे कन्व्हर्टर लिहिणाऱ्या सद्गृहस्थाचं टक लावून पाहणं संसदेनं आधीच मंजूर केलेलं होतं. एवढ्या किचकट गोष्टीवर इतकं समंजस वाक्य आपल्या कायद्यात आहे, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्याच वाक्यातले दोन शब्द दिसले. ही सवलत प्रोग्रामचा 'कायदेशीर ताबा' असणाऱ्याला आहे.

माझ्याकडे ताबा नाही. कायदेशीरही नाही आणि बेकायदेशीरही नाही. मी फक्त लेखक आहे. ताबा काकांचा होता, आणि तो सुतळीसकट गेला. बाकीच्या तालुक्याचं म्हणाल, तर फॉन्ट कुठून आला असं दुकानात विचारलं की उत्तर एकच मिळतं, "मित्राच्या पेन ड्राइव्हमधून." हे उत्तर कलम ५२ मध्ये सापडत नाही. कलम ६३-ब मध्ये त्याची सोय केलेली दिसते. जाणूनबुजून चोरीचा प्रोग्राम वापरला तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. धंद्यासाठी वापरला नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं. मी पुतण्याला ते मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं थोडा विचार करून माझ्यासाठी चहा सांगितला.

तेव्हा स्थिती अशी. मजकूर माझा. तक्ता कंपनीचा. तक्ता उलगडण्याचा हक्क संसदेचा आशीर्वाद असलेला, पण तो ज्याच्याकडे डाँगल आहे त्याला. ज्याच्याकडे डाँगल आहे त्याला फाइल तशीच वाचता येते, त्यामुळे त्याला तक्ता उलगडण्याची गरज नाही.

असल्या गोष्टींवर मोठ्या लोकांनी काय केलं, तेही पाहिलं. अमेरिकेत ऑरेकल कंपनीनं गूगलवर ऑगस्ट २०१० मध्ये दावा लावला. वाद जावा नावाच्या, प्रोग्राम लिहिण्याच्या भाषेवरून. ती बनवणारी सन कंपनी ऑरेकलनं त्याच वर्षी विकत घेतली होती. गूगलनं अँड्रॉइड फोनसाठी जावातल्या ३७ गटांची नावं आणि मांडणी जशीच्या तशी घेतली. आतलं काम करणारा कोड मात्र स्वतः लिहिला. उदाहरणार्थ, दोन आकड्यांतला मोठा कोणता ते सांगायचं असेल तर 'मॅक्स' असं म्हणायचं. मोठा आकडा शोधण्याचं काम गूगलनं स्वतः केलं. 'मॅक्स' म्हणून हाक मारायची पद्धत घेतली, कारण जगभरच्या प्रोग्रामरांच्या बोटांना तीच सवय होती. अशा हाकांच्या ओळी साडेअकरा हजार. एकूण वादग्रस्त मजकुराच्या शेकडा ०.४. मागणी सुमारे नऊ अब्ज डॉलर.

पहिल्या फेरीत विल्यम ॲल्सप नावाचे न्यायाधीश होते. त्यांना स्वतःला कोड लिहिता येतो. त्या खटल्यात नऊ ओळींच्या एका तुकड्यावरही भांडण होतं. असे तुकडे आपण स्वतः शंभरदा लिहिले आहेत, असं त्यांनी कोर्टातच सुनावलं. २०१२ मध्ये त्यांनी ठरवलं की हाक मारण्याच्या पद्धतीवर कॉपीराइट नाही. २०१४ मध्ये वरच्या कोर्टानं ठरवलं की आहे. २०१६ मध्ये ज्युरी म्हणाले, असला तरी वापर रास्त आहे. २०१८ मध्ये वरचं कोर्ट म्हणालं, रास्त नाही. ५ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की रास्त आहे. मुळात कॉपीराइट आहे की नाही, या प्रश्नावर न्यायमूर्ती ब्रायर यांनी 'आहे असं धरून चालू' एवढंच म्हटलं आणि पुढे गेले. न्यायमूर्ती थॉमस यांनी मतभेदाच्या निकालपत्रात नेमकी हीच तक्रार केली, की मुख्य प्रश्नाला हातच लावलेला नाही. जवळजवळ अकरा वर्षं, पाच निकाल, आणि मूळ मुद्दा धरून चाललेला. ज्यानं जव्हारला वनहक्काचा दावा दाखल करून पोचपावती जपून ठेवली आहे, त्याला हे वाचून परकं वाटणार नाही.

मला विशेष आवडलं ते सुनावणीचं कामकाज. कुणालाच ही गोष्ट सरळ समजत नसल्यामुळे बरेचसे न्यायमूर्ती घरून एकेक उपमा घेऊन आले होते. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी आधी तिजोरी आणली: पैसे काढायला तिजोरी फोडण्यावाचून मार्ग नसला, म्हणून फोडायची परवानगी मिळत नाही. मग त्यांनीच दुसऱ्या बाजूला उपाहारगृहाचं मेनूकार्ड दाखवलं: आधी काय, मग काय, शेवटी गोड, हा क्रम काही कुणाच्या मालकीचा नसतो. ब्रायर यांनी टाइपरायटरचा कीबोर्ड आणला. निकालपत्रात तर त्यांनी एक यंत्रमानव नेमला. तो कपाटापाशी जातो, ठरलेला खण उघडतो, पाककृतीचं कार्ड काढतो आणि स्वयंपाक्याला नेऊन देतो. वापरण्याजोग्या उपमा त्या एका खटल्यात संपल्या. मोखाड्यापर्यंत एकही शिल्लक पोचली नाही.

त्याआधी १९९५ मध्ये बोस्टनच्या अपील कोर्टात लोटस कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या मेनूवर असंच भांडण झालं होतं. ४६९ आज्ञांचा तो मेनू म्हणजे काम करण्याची पद्धत आहे, तिच्यावर कॉपीराइट नाही, असं कोर्ट म्हणालं. सर्वोच्च न्यायालयात एक न्यायमूर्ती बाजूला राहिले आणि चार विरुद्ध चार झाल्यामुळे तोच निकाल राहिला. युरोपच्या न्यायालयानं २ मे २०१२ रोजी सांगून टाकलं की प्रोग्राम काय करतो, तो कोणत्या भाषेत लिहिलाय आणि त्याच्या फाइलची रचना काय आहे, या गोष्टींना प्रोग्रामवरच्या कॉपीराइटचं संरक्षण नाही. फाइलची रचना! माझा एच-के-के म्हणजे दुसरं काय आहे? पण लक्झेंबर्गच्या न्यायालयाचा निकाल घेऊन वाड्याला काकांकडे जाण्यात अर्थ नव्हता.

पुतण्याचा एक मित्र पुण्याला संगणकाचं शिकतो. तो सुट्टीत आला होता. "गुरुजी, तुम्ही हे पैशाचे फॉन्ट वापरताच कशाला? मुक्त सॉफ्टवेअर घ्या," असं म्हणाला. मी मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना वाचला. वाचू नये असं त्यानं सांगायला हवं होतं.

या परवान्याला जीपीएल म्हणतात. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची. प्रोग्राम फुकट वापरा, बदला, वाटा. पण त्यातून बनलेलं काही दुसऱ्याला द्याल तर तेही याच अटींवर, कोडसकट द्या. इथवर ठीक. भानगड आहे ती जोडण्याची. तुमचा प्रोग्राम त्यांच्या प्रोग्रामाला लिंक केला, तर तुमचाही त्याच परवान्याखाली येतो का? परवाना लिहिणारं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन म्हणतं, येतो. लिंक आतून कायमची केलेली असो की चालवताना तेवढ्यापुरती. अनेक वकील म्हणतात, नुसतं जोडल्यानं काही होत नाही, नक्कल केली असेल तर होतं. ही सोयरीक आहे. मुलगी दिली की आमचं कुळ तुम्हाला लागू, असं एका पक्षाचं म्हणणं. आम्ही फक्त जेवायला आलो होतो, असं दुसऱ्याचं. १९९२ मध्ये ब्रूनो हायब्ले या जर्मन प्रोग्रामरच्या क्लिस्प नावाच्या प्रोग्रामचं असंच झालं. त्यानं आपला प्रोग्राम रीडलाइन नावाच्या जीपीएलच्या सोयीला जोडला होता. टाइप केलेल्या ओळीत बाणाची कळ दाबून मागेपुढे जाता यावं, एवढंच तिचं काम. फाउंडेशनच्या रिचर्ड स्टॉलमन यांच्याशी पत्रापत्री झाली आणि शेवटी अख्खा क्लिस्प जीपीएलमध्ये गेला. लिनक्सचे लायनस टोरवाल्ड्स शहाणे. त्यांनी आपल्या परवान्यावर आधीच टीप लिहून ठेवली, की बाहेरच्या प्रोग्रामांनी नेहमीच्या दारानं येऊन काम करून घेतलं तर ते आमच्या घरचे होत नाहीत.

यात फॉन्टचा काय संबंध, असं मलाही वाटलं होतं. पण आपण पीडीएफ करतो तेव्हा फॉन्ट त्या कागदात एम्बेड होतो; तो तिथेच आत राहतो. फॉन्ट हा प्रोग्राम. तो जीपीएलचा असेल, तर ज्या कागदात तो बसला त्या कागदाचं काय? ही माझ्या डोक्यातली शंका नाही. फाउंडेशननं स्वतःच ती गंभीरपणे घेतली आणि फॉन्ट बनवणाऱ्यांना सुचवलं, की परवान्याला खास अपवाद जोडा: हा फॉन्ट कागदात बसला एवढ्यावरून कागद जीपीएलचा होत नाही.

आता समजा, कुणा आळशी माणसानं तो अपवाद जोडायचा राहू दिला. आणि त्या फॉन्टात आमच्या पाड्यावरच्या माणसानं उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज केला. अर्ज मुक्त झाला. मिळेल त्यानं तो वाचावा, वाटावा आणि आपल्या गरजेप्रमाणे उत्पन्न बदलून पुन्हा वाटावा. अट एकच, की पुढच्यालाही तीच मोकळीक द्यायची. तशी ही पद्धत तालुक्यात परवान्याशिवायही माहीत आहे, पण तिला आंतरराष्ट्रीय पाठिंबा असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

सुदैवानं मराठीतले बरेच चांगले फुकट फॉन्ट आता ओपन फॉन्ट लायसन्स या वेगळ्या परवान्याखाली येतात. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' त्यातलाच. त्या परवान्यात स्वच्छ लिहिलं आहे की फॉन्ट वापरून केलेल्या कागदाला या अटी लागू नाहीत. ही ओळ लिहिणारा माणूस कधीतरी तहसील कार्यालयात रांगेत उभा राहिलेला असावा.

आणि तरीही एक गोष्ट बघून चिडावं की हसावं ते कळत नाही. ज्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर मी बोटं घासली, तिच्यावर आज कुणी हक्क सांगत नाही. गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवर शिकलेला माणूस कोणत्याही कचेरीत जाऊन बसला तरी त्याचा हात चालायचा. टाइपरायटर बंद झाले, संगणक आले, मग जीसीसी-टीबीसी नावाची परीक्षा आली. पण आजही म्हाताऱ्या कारकुनांचा काना 'के'वरच आहे. इन्स्क्रिप्टवर क 'के'वर आहे म्हणून ते तिच्याकडे रागानं पाहतात. कळ कुठली दाबायची हे कुणाच्या मालकीचं नाही. ती दाबल्यावर आत काय लिहिलं जातं, ते मात्र डाँगलच्या मालकीचं. बोटं मोकळी, अक्षरं कुलपात. विंडोजमधला 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशींसारख्या मराठी माणसानं घडवला. तो कोट्यवधी संगणकांत डाँगलशिवाय आला, आणि आमच्याकडे अजून 'मंगलमध्ये नको, नीट मराठीत द्या' असं म्हणणारे लोक आहेत. नीट मराठी म्हणजे काकांची.

उलट बाजूही पाहा. रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्राला अंगठा कसा द्यायचा, यंत्रानं तो पुढे कसा पाठवायचा, याचं सगळं वर्णन आधारवाल्यांनी जाहीर केलेलं आहे. कुणीही वाचावं. इथे लपवाछपवी नाही. फक्त नागली-वरईची लावणी करून, दगड उचलून आमच्या बायकांच्या अंगठ्याच्या रेषाच झिजलेल्या असतात. यंत्र म्हणतं, पुन्हा ठेवा. ती पुन्हा ठेवते. जाहीर मांडणी यंत्राला पाठ आहे, अंगठ्याला ती कुणी कळवलेली नाही.

वारली चित्राचं तर विचारूच नका. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस झाला, वर गोल काढला की डोकं. डहाणूच्या जिव्या सोमा मशे यांनी ही रीत जगाला दाखवली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्रिकोणाला त्रिकोण जोडण्याची रीत कॉपीराइटमध्ये बसत नाही. शैली कुणाची नसते, हे तत्त्व आहे. म्हणून ती रीत आज मुंबईतल्या कपांवर, उशांवर, विमानतळाच्या भिंतींवर आणि ज्यांनी कधी वारली पाडा पाहिलेला नाही अशा सगळ्यांच्या कुडत्यांवर आहे. हे तत्त्व मला मान्यच आहे. माझी तक्रार एवढीच, की ते तत्त्व आमच्या त्रिकोणांना लगेच लागू झालं आणि साडेअकरा हजार ओळींना लागू व्हायला अकरा वर्षं लागली, तेही धरून चालून.

टिपणाचं शेवटी काय झालं? काकांनी वाड्याहून निरोप पाठवला की २००३ ची एक छापील प्रत माळ्यावरच्या पेटीत असेल. होती. कडा वाळवीनं खाल्ल्या होत्या, पण मजकूर शाबूत होता, आणि त्यातलं 'दऱ्याखोऱ्यां' बिलकूल भिजलेलं नव्हतं. आता सेवा केंद्रात एक मुलगी ते नव्यानं टाइप करते आहे. टायपिंग क्लास करून परीक्षा पास झालेली आहे, इन्स्क्रिप्टवर तिचा हात वेगानं चालतो, आणि फाइल युनिकोडमध्ये होईल असं तिनं मी न विचारताच सांगितलं. सोंगांच्या यादीपर्यंत आली आहे. मध्येच थांबून तिनं विचारलं, "गुरुजी, इथे 'ता. मोखाडा, जि. ठाणे' लिहिलंय. पालघर करू का?"

जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, टिपण त्याच्या अकरा वर्षं आधीचं. मी म्हटलं, जुनं आहे तसं राहू दे, कंसात पालघर घाल. कंसाचे पैसे वेगळे नाहीत ना, हे विचारून घेतलं. पानाला तीस रुपये, कंस धरून.